बांधबंदिस्तीची सेवा : बांधाआधी सांडवा पाहावा

सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील आमच्या चार एकर काळ्या रानात दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून बांधबंदिस्ती करून घेतली, म्हणजे माती आणि पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून घेतले. दोन पावसाळे पाहून झाल्यावर या सेवेविषयी लिहीत आहे, कारण आमच्या भागात असे काम देताना जेसीबीचा तासाचा दर सगळे विचारतात, पण जादा पाणी कोठून काढणार, म्हणजे त्याला बाहेर सोडणारा सांडवा कोठे ठेवणार, हे क्वचितच विचारले जाते.

वास्तविक हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. १९३३ च्या सुमारास देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी जी पाच केंद्रे निवडली गेली, त्यांत मुंबई इलाख्यातील सोलापूर आणि विजापूर ही दोन होती. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यामुळे एकेका शेतापुरते न पाहता सलग क्षेत्राची योजना आखून बांध घालता येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळात बांध आणि पाझर तलावांच्या कामांवर असंख्य कुटुंबे जगली. माझ्या वडिलांनीही त्या वर्षी डोक्यावरून माती वाहिली होती. प्रारंभीचा भर समपातळी, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवरून जाणाऱ्या, बांधांवर होता. हलक्या, मुरमाड जमिनीत ते टिकतात. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी लवकर मुरत नाही, ते बांधाच्या पोटाशी तुंबते आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून वाट काढत बांधच फोडते. म्हणूनच अशा जमिनीसाठी किंचित उतार दिलेले ढाळीचे बांध सुचवले जातात, ज्यांच्या कडेने जादा पाणी संथपणे सांडव्यापर्यंत जाते.

आमच्या ठेकेदाराने माती उत्तम चोपली, बांधाची उंची व रुंदी ठरल्याप्रमाणे दिली आणि काम तीन दिवसांत संपवले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु त्याने पातळी घेतली नाही, म्हणजे रानाचा चढउतार मोजला नाही, आणि शेजारच्या हद्दीला समांतर सरळ बांध ओढले. सप्टेंबरच्या मोठ्या पावसात मधल्या बांधामागे चार दिवस पाणी साचले, तूर पिवळी पडली आणि पाचव्या दिवशी मनगट जाईल एवढ्या जुन्या भेगेपाशी बांध फुटून आमची माती शेजाऱ्याच्या रानात गेली. दुरुस्तीसाठी वारंवार फोन करूनही तो महिनाभर फिरकला नाही. तासावर पैसे घेणाऱ्याचे लक्ष माती ओढण्याकडे राहते, पाण्याकडे राहत नाही, असे माझे मत झाले आहे.

शेवटी गावच्या कृषी सहायकांनी रानात येऊन ढाळ दाखवला, आणि सर्वांत खोलगट जागी गवंड्याकडून दगडी सांडवा बांधून घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच सांडव्यावरून पाणी जवळजवळ निवळ होऊन गेले, आणि दगडांच्या वरच्या बाजूला बोटभर जाडीचा मऊ गाळ बसलेला मी हाताने चाचपून पाहिला. त्यावर पेरलेली मालदांडी ज्वारी या वेळी शेवटपर्यंत हिरवी राहिली.

खोदाई चांगली असल्यामुळे त्याच ठेकेदाराला पुन्हा बोलावण्यास माझी हरकत नाही. मात्र पातळी घेऊन सांडव्याची जागा खुंट्या ठोकून निश्चित केल्याशिवाय त्याचे यंत्र रानात उतरू देणार नाही.