सेंट किल्डाची बोट ट्रिप: पक्ष्यांसाठी नाही, गावासाठी जा

सेंट किल्डा म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात दूरवर असलेली बेटं. हॅरिस बेटावरच्या लेव्हरबरो गावाहून गेलो होतो, बोटीला तीनेक तास लागतात आणि समुद्र चांगलाच हलवतो, उलटीची गोळी आधीच घेऊन ठेवा. आमची पहिली तारीख हवेमुळे रद्द झाली, ते ठीकच, पण मेसेज रात्री फार उशिरा आला आणि राहायची सोय धावपळ करून शोधावी लागली, त्याचा एक स्टार कापला. एक-दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवाच. शेवटी छोट्या रबरी बोटीतून हिर्टा या सेंट किल्डाच्या मुख्य बेटावर उतरवतात.

सगळे पफिन हे समुद्रपक्षी बघायला आलेले असतात, पण खरं बघायचं ते गाव. एकच वळणदार रांग, १८६० च्या सुमारास बांधलेली १६ घरं, काहींवर परत छप्पर घातलंय, बाकीची उघडी. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेली ३६ माणसं, स्वतःच सरकारला अर्ज करून, बेट सोडून गेली. निघताना घराघरात उघडं बायबल आणि ओटची छोटीशी रास ठेवली आणि दारं लावून घेतली. हे आधी वाचलं होतं, पण तिथे दाराच्या चौकटीत उभं राहिलं ना, की घसा दाटून येतो. मी एका बिनछपराच्या घरात बराच वेळ बसलो, पायाखाली गवत, दोन्ही टोकांच्या भिंतीत चुलीची जागा आणि खिडकीतून समोर खाडी.

क्लीट मात्र चुकवू नका. दगडावर दगड रचलेल्या कोठ्या, मध्ये चुना नाही काही नाही, वर सपाट शिळा आणि त्यावर मातीसकट गवत. भिंतीच्या फटीला हात लावला तर वारा लागतो, त्याच वाऱ्यावर पकडलेले पक्षी वाळवून ठेवायचे, ते पुढे हिवाळाभर खायचे. एकट्या हिर्टावर अशा हजाराच्या वर आहेत! आता त्यात सोए जातीच्या मेंढ्या आडोशाला बसतात. छोटं म्युझियम ३ नंबरच्या घरात आहे, तेही बघा.

खाली लष्कराच्या इमारती आहेत, फोटोत येतात, चालायचंच.

बेटावर चार-पाच तास मिळतात, खाणं आपलं आपण न्यायचं. आमच्यातले निम्मे लोक आधी डोंगरावर गेले आणि परत येताना गाव पंधरा मिनिटांत उरकलं, तसं करू नका, आधी गाव, मग वर. वरच्या खिंडीतून अख्खी रांग दिसते आणि आपण बसलो होतो ते घर कुठलं ते बोट करून दाखवता येतं.