पिल्लू फिरवायची झोळी: सहा महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये ९०० रुपयांना ऑनलाइन मागवली. गळ्यात अडकवायची, पिल्लू पोटाशी, बाहेर फक्त डोकं. आमचा मोत्या गावठी कुत्रा, ८ आठवड्यांचा असताना गोव्यात डिचोलीच्या घरी आला. लसी पुऱ्या व्हायला १६ आठवडे लागतात, तोवर रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि पिल्लू नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारतं ते साधारण ३ ते १४ आठवड्यांत. लसींची वाट बघत घरात कोंडलं तर तो काळ हातचा जातो. म्हणून झोळी.

पहिल्या दिवशी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा वाजला नि हा तळाशी गेला. चौथ्या दिवशी भोंगा ऐकून कान टवकारले, कारण भोंग्यापाठोपाठ मी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. चोडण बेटाची फेरीबोटही अशीच पचली, लोखंडी फळीच्या खडखडाटासकट.

चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, वाड्यावर घुमट आरतीचा (घुमट म्हणजे मातीचं ढोलासारखं वाद्य) सराव सुरू झाला. आम्ही आधी चार घरं सोडून पायरीवर बसलो. तुकडा खाल्ला तर उद्या एक घर पुढे. तोंड फिरवलं, जांभया दिल्या, ओठ चाटत राहिला, म्हणजे ताण आला, तर मुकाट्याने मागे. आठवड्याभरात तो घुमटाशेजारी झोळीत घोरत होता!

इथे मी शहाणपणा केला. घुमट जमलं म्हणून चवथीच्या दिवशी अंगणात घेऊन उभी राहिले, भाच्यांनी फटाक्यांची माळ लावली, आणि मोत्या झोळीतच मुतला. झोळीत असल्यामुळे बिचाऱ्याला पळताही आलं नाही. पुढे दोन महिने मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून खाऊ देत राहिले. दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री मात्र दारं-खिडक्या बंद करून आतल्या खोलीत. आजही फटाका वाजला की तो पलंगाखाली जातो, पण दहा मिनिटांत बाहेर येतो.

आणखी एक: झोळीतलं पिल्लू दिसलं की जो तो हात घालतो. ‘काकू, आधी त्याला हुंगू दे’ म्हणायला लाज वाटते, तरी म्हणायचं.

आता झोळीबद्दल. कापड चांगलं, पण पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. हुक दिवाळीपर्यंत गंजले. पट्टा खांद्यात रुततो. मोत्या ५ किलोचा झाल्यावर मी सोडूनच दिली. पिल्लाच्या गळपट्ट्याला अडकवायचा झोळीच्या आतला छोटा पट्टा मात्र आवर्जून बघून घ्या, त्यामुळे फेरीबोटीत एकदा मोत्या उडी मारता मारता वाचला.

सध्या खुंटीला आहे. पुढच्या महिन्यात बहिणीकडे पिल्लू येतंय, हुक बदलून तिला देणार.