गावी परतून काय करायचं: काजू, पाहुणे की माड-वाडीची कामं?

माझा भाचा पुण्यातली नोकरी सोडून कुडाळला यायचं म्हणतोय. वय 26, डिप्लोमा झालेला, गाठीला 3 लाख रुपये, घरालगत 20 गुंठ्यांची वाडी आणि सातबारावर भावकीतल्या चौदा जणांची नावं. परवा फोनवर त्याने विचारलं, "मामा, काजूचा कारखाना टाकू, की घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ?" मी त्याला तिसरा पर्याय सांगितला: माड पाडणं (म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणं), बागेतलं गवत कापणं, फवारणी आणि मुंबईकरांच्या बंद घरांची देखभाल. तो गप्पच झाला. त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, कारण असा विचार करणारी पोरं आता गावोगाव दिसतात आणि त्यांनी चुकीच्या ठिकाणी पैसा अडकवू नये असं मनापासून वाटतं.

तिन्ही धंद्यांना मी एकच प्रश्न लावतो. हातातून गेलेला रुपया किती दिवसांनी परत येतो, आणि तो देणारा माणूस आज गावात आहे का?

काजू

काजूचा कारखाना मी स्वतः सहा वर्षं चालवला, म्हणून त्याबद्दल जरा जास्त बोलतो.

गावाची गरज म्हणून पाहिलं तर हा धंदा खरा आहे. बागायतदार बी पोत्यात भरून व्यापाऱ्याला घालतो आणि भाव व्यापारी सांगेल तो. ती बी गावातच फुटली तर शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं आणि आठ-दहा बायकांना घरापासून चालत जाता येईल असं काम मिळतं. वेंगुर्ला काजूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र त्याचा शिक्का पाकिटावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

अडचण आहे ती बीच्या हंगामाची. बी येते मार्च ते मे. कारखाना वर्षभर चालवायचा तर वर्षाची बी त्या तीन महिन्यांत भरून ठेवायला हवी. रोज 100 किलो बी फोडायची, वर्षाला 250 दिवस काम, म्हणजे झाली 25 टन. भाव किलोला 130 रुपये धरला तर साडेबत्तीस लाख रुपये नुसते पोत्यांत. बॉयलर, कटर, ड्रायर यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही. साधारण 4 किलो बीतून 1 किलो गर निघतो, तेव्हा किलोभर गरात 520 रुपयांची बीच बसलेली असते. मजुरी, वीज, पॅकिंग त्यावर. आणि मधेच आफ्रिकेतली बी स्वस्तात उतरली, गराचा भाव पडला, तर आपली बी मात्र एप्रिलच्या भावाची.

फोडणीच्या खोलीत एक दिवस बसून बघा म्हणावं. बी आदल्या दिवशी वाफवून थंड केलेली असते. बाई ती दोन पात्यांच्या मध्ये धरते, दांडा दाबते, टरफल उलगडतं, टोकाने गर बाहेर काढते. पाती अर्धा सूत जास्त मिटली की गराचे दोन तुकडे, आणि अख्खा गर व तुकडा यांच्या दरात मोठा फरक. टरफलातलं काळं तेल कातडी सोलून काढतं. खोबरेल तेल किंवा राख हाताला लावल्याशिवाय कोणी बसत नाही, तरी संध्याकाळी बोटांच्या पेरांवर काळे डाग राहतातच. असा सराईत हात तयार व्हायला महिने जातात आणि तो हात सांभाळणं हीच मालकाची खरी कसोटी.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा माझी बारा पोती बी अंगणात वाळत होती. ताडपत्री उडाली, दोन दिवस वीज नव्हती, बी भिजली. वरून वाळल्यासारखी दिसली म्हणून पोत्यांत भरली. ऑगस्टमध्ये फोडायला घेतली तर गरावर काळे ठिपके. ते सगळे पैसे गेले. चूक माझीच होती. पण ज्याच्याकडे 3 लाखच आहेत त्याला असा एक फटका पुरतो.

काजूच करायचा असेल तर पहिल्या वर्षी कारखाना नकोच. दोन टन बी घ्या, चालू असलेल्या कारखान्यातून मजुरीवर फोडून घ्या आणि गर स्वतः विकून बघा. गिऱ्हाईक जमलं तर शेड. त्याच्या जोडीला आमसूल करता येतं: रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, यंत्र जवळपास लागत नाही, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसूल वर्षभर टिकतात. फक्त अवकाळीचा पाऊस आला की वाळवण अडतं, म्हणून साधा सोलर ड्रायर असलेला बरा.

पाहुणे

न्याहारी-निवासाची गरज बाहेरच्या माणसाची आहे. त्यात वाईट काही नाही. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, 2021 मध्ये चिपी विमानतळही सुरू झाला. तारकर्ली-देवबागला किंवा गुहागरला घर असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता. पण भाच्याच्या घरापासून समुद्र पंचवीस-तीस किलोमीटर. पाहुणा तिथे का थांबेल, याचं उत्तर आधी हवं.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण सगळे देतात. तिथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम केलं, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले आणि गावकऱ्यांनी घरं उघडली. आधी कासव, मग पाहुणा, मग खोली. आपल्याकडे खोलीपासून सुरुवात होते.

हिशोब करू. दोन खोल्या, रात्रीचे 2,000 रुपये, वर्षात 90 रात्री भरल्या तर 3 लाख 60 हजार. दिवाळी, नाताळ, मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्या मिळून या 90 रात्री भरणं तसं सोपं नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, रात्री लाइट गेली की पाहुणा कंटाळतो. खोल्यांना जोडून संडास-बाथरूम, टाकी, इन्व्हर्टर करायलाच भाच्याचे 3 लाख संपतील. मेमध्ये, जेव्हा पाहुणा सगळ्यात जास्त, तेव्हाच विहिरीचं पाणी तळाला. आणि घर सामाईक, म्हणजे बांधकामाला हात लावण्याआधी चौदा सह्या. किनाऱ्यालगत असाल तर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावरच्या निर्बंधांचे, नियम लागतात, ते आधी तपासा.

एक गोष्ट मात्र या धंद्याच्या बाजूने सांगायलाच हवी. आईच्या हातचं घावन आणि सोलकढी यांना जो पैसा मिळतो, तो तिच्या नावाने येतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींनी त्यातून मुलीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. घर किनाऱ्याला असेल आणि घरातली बाई स्वतःहून तयार असेल तरच याकडे वळा.

माड, वाडी आणि बंद घरं

आता तिसरं. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकी मला दर महिन्याला तेच सांगतात, "रे बाबा, माड पाडूक कोणच गावणा नाय." त्यांच्याकडे 22 माड आहेत. नारळ पाडणारा जुना पाडेली थकला, त्याचा मुलगा गोव्याला कामाला. सुकलेले नारळ आपसूक पडतात, परड्यात (घरामागच्या परसात) जायची भीती वाटते. ही गरज आज आहे, पैसे द्यायला काकी तयार आहेत, आणि काम करणारा नाही.

वर्षाचं चक्र बघा. जूनआधी घरं शाकारणं, पन्हाळ साफ करणं, घरावर आलेल्या फांद्या तोडणं. ऑगस्टमध्ये गणपतीआधी बंद घरं उघडून साफ करणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबा-काजूच्या बागांतलं गवत. नोव्हेंबरपासून मोहोराच्या फवारण्या, मार्च ते मे आंबा काढणी. माड साधारण दीड-दोन महिन्यांनी परत येतोच. रिकामा महिना जवळपास नाही.

भांडवल? चांगला ग्रासकटर 25-30 हजारांत येतो, माडावर चढायचं यंत्र काही हजारांत, इंजिनवरचा फवारणी पंप आणि पाइप, चेनसॉ, हेल्मेट आणि पट्टे. लाख-दीड लाखात गाडी सुरू होते आणि पहिल्या आठवड्यात रोख हातात येते. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते या दोन्ही वादळांनंतर चेनसॉवाल्याची वाट लोक दिवसेंदिवस बघत होते, हे मी विसरलेलो नाही.

बंद घरांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी रात्री पोचतो. दार उघडतो तर माजघरात कौलातून गळलेलं पाणी, गणपतीच्या पाटाला वाळवी, पंप जाम, परड्यात कमरेएवढं गवत. पहिले दोन दिवस त्यातच जातात. महिन्यातून दोनदा घर उघडून हवा खेळवणं, गळती बघणं, पंप फिरवणं, वीजबिल भरणं आणि फोटो पाठवणं, याचे महिन्याला 500 ते 800 रुपये मुंबईकर आनंदाने देतो. अशी तीस घरं झाली की ठरावीक उत्पन्नाचा पाया तयार. किल्ल्या मात्र विश्वासावर मिळतात, आणि तो विश्वास बाहेरच्या कंपनीला नाही, गावच्या पोराला मिळतो.

त्रासही आहेत. उधारी हा पहिला. "मागाहून देतंय" म्हणणारा बहुतेक नातेवाईकच असतो, म्हणून दर लिहून भिंतीवर लावा आणि मामालाही तोच दर लावा. दुसरा धोका जिवाचा. ओल्या माडावर चढायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी. नारळ विकास मंडळाचं 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे प्रशिक्षण 2011 पासून आहे आणि पाडेल्यांसाठी 'केरा सुरक्षा' विमाही आहे. हे दोन्ही झाल्याशिवाय पहिला माड चढू नये. फवारणीचं औषध कुठलं आणि किती, हे दुकानदाराला न विचारता दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून घ्यावं.

तिसरा त्रास लोकांच्या तोंडाचा. "शिकलस आणि माड पाडतंस?" हे ऐकावं लागेल. भाचा फोनवर गप्प झाला तो यासाठीच, हे मला कळलं. मी त्याला एवढंच म्हटलं की ज्या घरात हे बोललं जाईल, त्याच घराचे माड पुढच्या आठवड्यात पाडायला तुला बोलावतील.

कर्जाबद्दल थोडं

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाला 50 लाख आणि सेवेला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात अनुदान सर्वसाधारण गटाला 25 टक्के. महिला, मागासवर्गीय वगैरेंना 35 टक्के. हे अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं. ते मिळणार म्हणून त्यावर आधीच खर्च मांडू नका. काजू-कोकमाला 2020 ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनाही आहे, 35 टक्के, कमाल 10 लाख. ग्रासकटर आणि पंपासाठी मात्र कर्ज काढूच नये असं माझं मत आहे.

भाच्याला मी सांगितलं: पहिली दोन वर्षं वाडीची कामं कर, तेवढ्यात कोणाची बी चांगली वाळलेली असते ते बागेत फिरताना कळेल, मग काजूचं बघू. पाहुण्यांचा विचार सध्या सोड.

गेल्या रविवारी तो येऊन गेला. आईला बरोबर घेऊन वाडीतली घरं मोजली. 42 पैकी 17 बंद. त्यातल्या अकरा घरांचे मुंबईचे नंबर आईच्या जुन्या डायरीतच निघाले. चार जणांना त्याने ओट्यावर बसूनच फोन लावले. तिघांनी विचारलं, किल्ली कोणाकडे पाठवू?