जुन्या गेमच्या सेव्ह फाइल्सचे रूपांतर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर मी जुन्या गेमच्या सेव्ह फाइल्स (खेळातली प्रगती जपणाऱ्या फाइल्स) आजच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणायला घेतल्या आणि तेव्हापासून दोन मोफत साधने सातत्याने वापरत आहे: पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डांसाठी मेमकार्डरेक्स आणि बाकीच्या यंत्रांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे सेव्ह फाइल कन्व्हर्टर. माझ्या कार्डांचे काम झाल्याचे कळताच सिडकोतल्या जुन्या वर्गमित्रांनी आणि इंदिरानगरच्या मेहुण्यांनीही आपापल्या ठेवी आणून दिल्या, त्यामुळे साधनांची परीक्षा बऱ्यापैकी कसून झाली.

दोन्ही साधने विश्वासार्ह आहेत, परंतु फाइल टाकण्याआधी तिचा आकार बाइटमध्ये पाहण्याची सवय मला त्यांच्याहून अधिक उपयोगी पडली. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाची शुद्ध प्रत नेमकी १,३१,०७२ बाइटची असते. त्यात ८ किलोबाइटचे १६ ब्लॉक असतात आणि पहिला ब्लॉक अनुक्रमणिकेसाठी राखीव असल्याने गेमच्या वाट्याला १५ येतात. ऑनलाइन मागवलेल्या यूएसबी अडॅप्टरने मला मात्र १,३४,९७६ बाइटची फाइल दिली, आणि सोबतच्या माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नव्हते. फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडल्यावर सुरुवातीलाच ‘१२३-४५६-एसटीडी’ ही अक्षरे दिसली, म्हणजे ही डेक्सड्राइव्हची (मेमरी कार्ड संगणकावर उतरवणाऱ्या जुन्या उपकरणाची) जीएमई फाइल होती: पुढे ३,९०४ बाइटचे शीर्षक आणि त्यामागे जसेच्या तसे कार्ड. मेमकार्डरेक्सने ती शुद्ध स्वरूपात जतन केली आणि नाव बदलून दिल्यावर रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने ती मुकाट्याने उघडली. अशा वेळी रूपांतर हा शब्द जरा भारदस्तच वाटतो, कारण प्रत्यक्षात केवळ पाकीट काढून टाकलेले असते. पीएसपी या हातात धरायच्या प्लेस्टेशनच्या व्हीएमपी फाइलमध्ये हे पाकीट १२८ बाइटचे आहे, परंतु त्यात डिजिटल सही असल्यामुळे उलट दिशेने जाताना ती नव्याने करावी लागते.

खरे रूपांतर निन्टेन्डो ६४ मध्ये पाहायला मिळाले. मेहुण्यांनी आखाती नोकरीच्या काळात घेतलेल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’च्या कार्ट्रिजमधली सेव्ह ३२ किलोबाइटची निघाली, तर रेट्रोआर्कला २,९६,९६० बाइटची एकच फाइल हवी होती, कारण त्याचा मुपेन कोअर (निन्टेन्डो ६४ ची नक्कल करणारा भाग) ईईप्रॉम, चार कंट्रोलर पॅक, एसरॅम आणि फ्लॅशरॅम हे सेव्ह साठवण्याचे सारे प्रकार एकामागून एक त्याच फाइलमध्ये ठेवतो. त्यात भर म्हणजे काही एम्युलेटर प्रत्येक चार बाइट उलट्या क्रमाने लिहितात. या गेमच्या प्रत्येक सेव्हमध्ये ‘झेड-ई-एल-डी-ए-झेड’ ही खूण असते. हेक्स एडिटरमध्ये तिच्या जागी ‘डी-एल-ई-झेड’ दिसले, की क्रम उलटा आहे हे ओळखावे. कन्व्हर्टरने क्रम आणि जागा दोन्ही बरोबर जुळवल्या, शिवाय हे सारे काम आपल्याच संगणकावर होते, फाइल कुठेही पाठवावी लागत नाही.

गेम बॉयच्या फाइल्सनी फारसा त्रास दिला नाही. पोकेमॉन गोल्डसारख्या घड्याळ असलेल्या गेममध्ये ३२,७६८ बाइटच्या पुढे घड्याळाचे ४४ किंवा ४८ बाइट जोडलेले असू शकतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

साधनांच्या हाती नसलेल्या गोष्टीही आहेत. प्लेस्टेशनच्या सेव्हच्या नावात प्रदेशाची खूण असते (जपानसाठी बीआय, अमेरिकेसाठी बीए, युरोपसाठी बीई), त्यामुळे अमेरिकन डिस्कवर खेळलेली सेव्ह युरोपीय आवृत्तीला सहसा दिसतच नाही. मेमकार्डरेक्समध्ये ही खूण बदलता येते, मात्र पुढे गेम ती स्वीकारेलच असे नाही. आपल्याकडे वेगवेगळ्या प्रदेशांच्या डिस्क एकाच घरात नांदत असल्याने ही अडचण वरचेवर येते. सेव्ह स्टेटचे, म्हणजे एम्युलेटरने स्वतः कोणत्याही क्षणी जतन केलेल्या स्थितीचे, तर रूपांतर करण्याच्या भानगडीत पडूच नये. तो त्या एम्युलेटरच्या स्मृतीचा ठसा असतो. तो त्याच एम्युलेटरमध्ये उघडून गेमच्या आतून रीतसर सेव्ह करावी आणि मग ती फाइल न्यावी.

नवी फाइल जागेवर ठेवताना गेम पूर्ण बंद असावा, कारण बाहेर पडताना रेट्रोआर्क स्वतःजवळची जुनी सेव्ह तिच्यावर लिहून टाकते. स्टेट आपोआप उघडण्याची सोय चालू असेल तर तीही आधी बंद करावी, नाहीतर जुन्या स्टेटमधली सेव्ह नव्या फाइलची जागा घेते आणि दोष विनाकारण कन्व्हर्टरला दिला जातो.