बडोद्यातल्या छोट्या कारखान्यात टीम्स : दीड वर्षाचा अनुभव

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कंट्रोल पॅनल, म्हणजे मशीन चालवायच्या विजेच्या पेट्या, बनवणाऱ्या एका युनिटमध्ये प्लॅनिंग बघते, राहायला दांडिया बाजारात. चाळीसेक माणसं आहोत, त्यातले तीन-चार जण कायम साइटवर, कधी दहेज, कधी हालोल. जून २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ऑफिसच्या चॅट, मीटिंग आणि फाइलींचं अ‍ॅप वापरतोय, पैसे भरून घेतलेलं, फ्रीवालं नाही. आजूबाजूच्या युनिटवाले सारखे विचारतात घ्यावं का म्हणून, तर माझं मत घ्यावं असंच आहे, पण मीटिंगसाठी नाही, चॅनेलसाठी.

आधी आमचं सगळं फोनवरच्या ग्रुपवर चालायचं. ड्रॉइंग तिथेच, पीओचा म्हणजे खरेदी ऑर्डरचा फोटो तिथेच, गाडी निघाली का तेही तिथेच आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही तिथेच. एका जॉबमध्ये, म्हणजे ऑर्डरमध्ये, पार्टीने (ग्राहकाने) ऐनवेळी पॅनलवरचा मीटर बदलला, १४४ मिलिमीटरचा होता तो ९६ चा केला, डिझाइनवाल्याने संध्याकाळी रिव्हिजन ३ ग्रुपवर टाकलं पण त्याच्यानंतर कोणाचं तरी अभिनंदन सुरू झालं आणि ड्रॉइंग कुठच्या कुठे वर गेलं. सकाळी पंचिंगवर, म्हणजे पत्र्यात भोकं पाडायच्या कामावर, जो मुलगा होता त्याच्या फोनमध्ये आधीच डाउनलोड केलेलं रिव्हिजन २ होतं, त्याने तेच उघडलं. आता ९६ च्या मीटरला दरवाज्यात ९२ बाय ९२ चा कटआउट लागतो आणि १४४ वाल्याला १३८ बाय १३८ चा, मोठं कापलेलं भोक लहान थोडंच होतं. दरवाजे पावडर कोटिंग होऊन आले, मीटर बसवायला घेतले तेव्हा कळलं. सहा दरवाजे भंगारात. चूक त्या मुलाची नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

टीम्समध्ये आम्ही प्रत्येक जॉबचं वेगळं चॅनेल, म्हणजे पोस्ट आणि फाइलींची वेगळी जागा, केलंय, नाव म्हणजे नुसता जॉब नंबर. मीटरबद्दल प्रश्न असेल तर तो एक पोस्ट, आणि त्याची सगळी उत्तरं त्याच्याच खाली. महिन्यानंतरसुद्धा वाचलं तर कोणी काय ठरवलं ते कळतं. ड्रॉइंग मेसेजमध्ये टाकायचंच नाही, चॅनेलच्या फाइल्समध्ये ठेवायचं. त्याच नावाने नवी फाइल टाकून रिप्लेस केलं की जुनी व्हर्जन हिस्टरीत जाते, म्हणजे पाहिजे तेव्हा बघता येते पण उघडणाऱ्याच्या समोर नवीच येते. शॉपमध्ये, म्हणजे जिथे पॅनल बनतात तिथे, एक टॅब ठेवलाय, सुपरवायझर काकांकडे असतो, ड्रॉइंग त्याच्यावरच उघडायचं, आपापल्या फोनवर डाउनलोड करून ठेवायचं नाही. हा नियम बसायला तीन महिने लागले, रोज पाठी लागावं लागलं. सॉफ्टवेअर घेतलं की आपोआप शिस्त येते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

खरी परीक्षा ऑगस्ट २०२४ च्या पुरात झाली. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, घरातून निघायची सोय नाही, आमच्याकडे लाइट नाही, लॅपटॉपची बॅटरी संपलेली. मी फोनवरूनच चॅनेल उघडून बघितलं, कुठला जॉब कुठे अडकलाय ते एकेक करून मिळत गेलं, कोणाला फोन करून विचारावं लागलं नाही. साइटवरच्या मुलांना टाइप करायचा कंटाळा, ती चॅटमध्ये व्हॉइस मेसेज पाठवायची, कोणी गुजरातीत कोणी हिंदीत, मी मराठीत उत्तर द्यायचे, सगळ्यांना सगळं समजतं बडोद्यात.

मीटिंगचं म्हणाल तर ठीक आहे, चांगलं चालतं. शॉपच्या शेजारी बसून बोलायचं असेल तर नॉइज सप्रेशन हायवर ठेवा, मागचा ग्राइंडरचा आवाज पुष्कळ कमी होतो. म्यूट असताना कंट्रोल आणि स्पेस दाबून धरलं की तेवढ्यापुरता माइक चालू होतो, सोडलं की बंद, हे मला फार उशिरा कळलं. बाहेरगावच्या पार्टीला टेस्टिंग दाखवायचं तर आम्ही फोनवरून मीटिंग जॉइन करून कॅमेरा थेट पॅनलसमोर धरतो आणि रेकॉर्डिंग करतो. मात्र एक लक्षात ठेवा, सेटिंग बदललं नसेल तर रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप डिलीट होतं. टेस्टिंगचं रेकॉर्डिंग वर्षभराने लागू शकतं, म्हणून मी त्याच दिवशी एक्सपायरीची तारीख काढून टाकते.

आमचे शेठ रात्री साडेअकराला मेसेज टाकायचे. त्यांचा स्वभावच तसा, डोक्यात आलं की लगेच सांगून मोकळं व्हायचं. पण नवरात्रीत गरब्याच्या मैदानात उभं राहून डिस्पॅचचा मेसेज वाचायचा म्हणजे जीव नकोसा होतो हो. मोबाइल अ‍ॅपमध्ये क्वाएट टाइम असतो, त्या वेळात नोटिफिकेशन वाजत नाही, मी संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ लावून टाकला, आणि शेठना सेंडचं बटण दाबून धरून सकाळची वेळ कशी लावायची ते शांतपणे शेजारी बसून दाखवलं. त्यांनी ऐकलं. आता त्यांचे बरेचसे मेसेज सकाळी नऊला येतात, मला याचा मनापासून आनंद आहे.

त्रास झाला तो लायसन्स विकणाऱ्याकडून, नाव लिहीत नाही. आम्हाला पंधराच लागत होती, त्याने चाळीस माणसं आहेत म्हणून चाळीस गळ्यात मारली, वर्षभराचे पैसे आधी घेतले आणि नंतर फोन उचलेना. तर घ्यायच्या आधी बसून मोजा, कोणाला खरंच स्वतःचं लॉगिन पाहिजे. टीम्सच्या फ्रीमध्ये १०० जणांची मीटिंग ६० मिनिटांपर्यंत करता येते, झूमच्या फ्रीमध्ये ४० मिनिटं, गूगल मीटच्या फ्रीमध्ये तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं. नुसत्या मीटिंग करायच्या असतील तर एवढ्यात भागतं, पैसे घालवू नका. ड्रॉइंग दर आठवड्याला बदलतात आणि माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहेत, अशांनीच विकत घ्या, आणि पहिल्या दिवशी सगळे जॉब टाकत बसू नका. आम्ही एकाच जॉबवर महिनाभर चालवून बघितलं, काकांना जमलं, मग बाकीचे घेतले.