चित्र काढणारं मूल: अप्लाइड आर्ट की आर्किटेक्चर?

मुलीला चित्रकलेत जायचंय, घरच्यांना इंजिनिअरिंग हवंय. मग एखादा मामा तोडगा काढतो, "निदान आर्किटेक्चर तरी कर." तोडगा वाईट नाही. पण दोन्हीकडे ड्रॉइंग आहे, म्हणून दोन्ही सारखंच, असं धरून चालू नये. मी स्वतः अप्लाइडवाला (म्हणजे जाहिरात, छपाई अशा कामांसाठीची चित्रकला) आहे, तेव्हा माझं झुकतं माप गृहीत धरा.

घरच्यांची काळजी अगदीच पोकळ नाही. १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही, त्यामुळे पाटीला वजन येतं. बीएफएला, म्हणजे अप्लाइडच्या पदवीला, असलं कवच नाही. तिथे पोर्टफोलिओच (केलेल्या कामाचा संच) बघतात, आणि फ्रीलान्सचे पैसे वेळेवर आले तर नशीब.

तरी माझा कौल अप्लाइडकडे गेला तो जिन्याच्या ड्रॉइंगमुळे. मजल्याची उंची ३००० मिमी आणि रायझर (एका पायरीची उभी उंची) १५० मिमी धरला, तर रायझर २०; पण सरळ जिन्यात ट्रेड (पाय ठेवायचे आडवे भाग) १९च, कारण शेवटची पायरी म्हणजे वरचा मजलाच. एवढा एकाचा फरक चुकला की प्लॅनमधला जिना एक आणि सेक्शनमधला (उभ्या छेदातला) दुसराच, मग शीट पुन्हा. दारं-खिडक्यांचं शेड्यूल (मापांचा तक्ता), टॉयलेटचं प्लंबिंग, बांधकाम नियमावली: आर्किटेक्चरच्या पाच वर्षांचा मोठा हिस्सा असल्या कामात जातो. हात मोकळा सोडून काढायचं चित्र पहिल्या वर्षानंतर बहुधा मागे पडतं. अप्लाइडच्या चार वर्षांत वस्तुचित्र, निसर्गचित्र, अक्षरांकन आणि पुढे टायपोग्राफी, इलस्ट्रेशन हाच अभ्यास असतो. डेडलाइनचा जाच तिथेही आहे, पण तो चित्रासाठी.

खरा निर्णय मात्र अकरावीलाच होतो. बी.आर्क.ला (आर्किटेक्चरच्या पदवीला) बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, वर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. बीएफएला शाखा कुठलीही चालते, एएसी सीईटी ही राज्याची कला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. घरात एकमत नसेल तर गणितासह सायन्स घ्यावं, पण क्लासच्या धबडग्यात रोजचं स्केचिंग सुटू देऊ नये. सीईटीत फटका बसतो तो तिथेच. वस्तुचित्रात घागरीचं तोंड नीट लंबवर्तुळाकार येतं आणि बूड सपाट रेघेने कापलं जातं. खरं तर बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली, म्हणून तिथली वक्रता तोंडापेक्षा जास्त हवी. पोस्टर कलर सुकायच्या आत शेजारचा रंग लावला की कडा फुटतात.

आणि "पुढे काय?" याला एक उत्तर आहे: चार वर्षांच्या बीएफएनंतर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसीत (तिथल्या डिझाइन विभागात) एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, प्रयत्न करता येतो. वडीलधाऱ्यांना 'आयआयटी' हा शब्द बरा वाटतो.

तरीही मन डळमळत असेल, तर मुलीच्या हातात टेप द्या आणि राहत्या घराचा प्लॅन १:५० ला काढायला सांगा, भिंतींच्या जाडीसकट. मापं जुळेनात म्हणून ती आपणहून पुन्हा मोजायला उठली, तर मामाचं ऐकायला हरकत नाही.