हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक विकत देणाऱ्यांपासून सावध राहा

फोन हरवला किंवा चोरीला गेला की पोलीस ठाण्यात आणि सरकारी संकेतस्थळावरही एक गोष्ट हमखास विचारली जाते, ती म्हणजे त्या फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनला कंपनीकडून मिळालेला स्वतंत्र ओळख क्रमांक. फोन हातात असेपर्यंत या क्रमांकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि फोन गेल्यावर तो आणायचा कुठून हे सुचत नाही. नेमक्या याच अडचणीवर पैसे उकळणाऱ्या माणसाशी आमच्या घरच्यांची गाठ पडली. तसा प्रसंग इतरांवर येऊ नये म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे काका निवृत्त प्राथमिक शिक्षक असून फोंडा तालुक्यात राहतात. चतुर्थीच्या बाजारासाठी ते पणजीला गेले होते. परत येताना गर्दीने भरलेल्या बसमध्ये त्यांचा फोन गेला. घरी पोहोचताच त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून सिमकार्ड बंद करून घेतले आणि बँकेलाही कळवले. हे त्यांनी अगदी वेळेवर केले, म्हणूनच त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याला धक्का लागला नाही. पोलीस ठाण्यात मात्र क्रमांकापाशी गाडी अडली. फोनचा खोका केव्हाच भंगारात गेला होता आणि बिल सापडत नव्हते. जुन्याच मोबाईल क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळाले, पण बदललेल्या सिमवर लघुसंदेशांची सोय पहिले चोवीस तास बंद असते. हरवलेला फोन बंद पाडण्यासाठी असलेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्यासाठी लागणारा ओटीपी त्यामुळे लगेच येऊ शकत नव्हता. फसवणाऱ्याला हवा असतो तो हाच मधला वेळ, कारण त्या वेळी माणूस घाबरलेला असतो आणि अधिकृत मार्ग तात्पुरता अडलेला असतो.

ओळखीच्या कोणीतरी बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याचे नाव सुचवले. तो म्हणाला, “मास्तर, तुमचा मोबाईल नंबर सांगा, त्यावरून मी कंपनीच्या सिस्टिममधून आयएमईआय काढून देतो. पोलिसांच्या नादाला लागलात तर महिने जातील.” त्यासाठी त्याने दीड हजार रुपये रोख घेतले आणि संध्याकाळी एका चिठ्ठीवर पंधरा आकडे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचे गाजर दाखवले. आता क्रमांक हाती आला आहे, तर फोन या घडीला कुठे आहे तेही नकाशावर दिसेल, फक्त ‘लाइव्ह ट्रॅकिंग’चे साडेतीन हजार भरावे लागतील. ही रक्कम माझ्या चुलत वहिनीने आपल्या फोनवरून यूपीआयने पाठवली. बदल्यात बेळगावजवळ लाल ठिपका असलेल्या नकाशाचे एक चित्र आले. त्या चित्रावर ना तारीख होती ना वेळ, आणि नकाशा मोठा करून पाहण्याचीही सोय नव्हती. त्यानंतर त्याने काकांच्या जीमेलचा पासवर्ड आणि येणारा ओटीपी मागितला, तेव्हा वहिनीला शंका आली आणि तिने मला बोलावून घेतले.

मी पहिल्यांदा ती चिठ्ठी तपासली. आयएमईआयचे पंधरा अंक म्हणजे मनाला येतील तसे मांडलेले आकडे नसतात. पहिले आठ अंक फोनचे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या विशिष्ट फोनचा अनुक्रमांक असतात आणि शेवटचा अंक आधीच्या चौदा अंकांवरून गणिताने ठरतो. दूरसंचार विभागाने नागरिकांसाठी एक साधी सोय केली आहे. संदेशात इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक लिहून १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या आयएमईआयचा फोन कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे ते कळते. चिठ्ठीवरचा क्रमांक पाठवला तर उत्तरात काकांच्या फोनची कंपनीच नव्हती. दुकानात पडलेल्या कुठल्या तरी खोक्यावरचे आकडे त्याने उतरवून दिले होते. तोच क्रमांक तक्रारीत गेला असता, तर काकांचा फोन चोराच्या हातात चालूच राहिला असता आणि बंद पाडण्याची विनंती मात्र भलत्याच माणसाच्या फोनसाठी झाली असती. गेलेल्या पैशांपेक्षा मला ही गोष्ट जास्त गंभीर वाटते.

जाब विचारल्यावर त्याने ‘लिहिताना चूक झाली’ असे म्हणून दुसरा क्रमांक दिला. या वेळी पहिले आठ अंक काकांच्या मॉडेलचे होते, म्हणजे आधीच्या चुकीतून तो तेवढे शिकला होता. पण शेवटच्या अंकाने त्याला उघडे पाडले. हा पडताळा कोणालाही कागदावर करता येतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम स्थानांवरचे अंक दुप्पट करायचे आणि दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या दोन्ही अंकांची बेरीज घ्यायची. मग त्यात विषम स्थानांवरचे पहिल्यापासून तेराव्यापर्यंतचे अंक जसेच्या तसे मिळवायचे. येणाऱ्या बेरजेत पंधरावा अंक घातल्यावर दहाने नि:शेष भाग जायला हवा. काकांनी स्वतः पाटीवर गणित मांडावे तसे हे मांडून पाहिले. भाग गेला नाही. इतकी वर्षे मुलांना बेरजा शिकवणाऱ्या माणसाला खोटी बेरीज विकली गेली, याचा मला आजही संताप येतो.

खरा क्रमांक मिळवायला एक पैसाही लागला नाही. काकांच्या गूगल खात्यात संगणकावरून प्रवेश करून हरवलेले उपकरण शोधण्याचे पान उघडले. तिथे फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या छोट्या चिन्हावर टिचकी मारताच आयएमईआय समोर आला. अॅपलच्या फोनसाठीही खात्यातील उपकरणांच्या यादीत तो दिसतो. दुरुस्तीवाल्याने जीमेलचा पासवर्ड का मागितला असावा, याचा उलगडाही इथेच होतो. त्याला क्रमांक हवा होता असे क्षणभर धरले, तरी तो आपल्याच खात्यात आपल्याला दिसतो. पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्या पत्त्यावर येणारी बँकेची पत्रे आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची सोयही त्याच्या हाती जाते.

खात्री करून घेण्यासाठी फोन जिथून घेतला त्या फोंड्यातल्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने काकांच्या नावावरून संगणकात जुने बिल शोधले आणि त्याची प्रत विनामूल्य छापून दिली. बिलावर दोन्ही क्रमांक होते. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. तक्रारीत दोन्ही द्यावेत. संकेतस्थळावर बिलाची प्रतही जोडण्याची सोय आहे, त्यामुळे बिल मिळाल्याने एकाच फेरीत दोन कामे झाली.

त्यानंतर पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बिल जोडून ‘संचार साथी’वर फोन बंद करण्याची विनंती नोंदवली. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. नोंद झाल्यावर मिळणारा विनंती क्रमांक जपून ठेवावा, कारण फोन सापडल्यावर तो पुन्हा सुरू करून घेतानाही तोच लागतो. बंद केलेला फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. त्यात कोणी सिम घालून पाहिले, तर त्याची माहिती पोलिसांकडे जाते. इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. आयएमईआयवरून फोनचा माग काढण्याचे काम दूरसंचार कंपन्यांच्या नोंदींवरून तपासयंत्रणा करतात. दुरुस्तीच्या दुकानातल्या संगणकावर किंवा मोबाईलवर उतरवून घेतलेल्या एखाद्या ॲपवर ते होत नाही. गूगल किंवा अॅपलच्या खात्यातून दिसणारे ठिकाण हे त्या खात्याला जोडलेल्या उपकरणाचे असते, आयएमईआयवरून काढलेले नसते, आणि ते पाहायला मध्यस्थ लागत नाही.

यूपीआयने गेलेल्या रकमेबद्दल वहिनीने १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे तिच्या खात्यातून गेले होते, म्हणून तक्रारही तिच्याच नावाने झाली. त्या वेळी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, ज्या यूपीआय पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता आणि वेळ विचारली गेली. हा फोन जितक्या लवकर केला जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता वाढते. आमच्याकडून ओटीपीच्या मागणीनंतर लगेच तक्रार झाली असली, तरी पैसे त्याच्या आदल्या दिवशी गेले होते. गोव्यात सायबर गुन्ह्यांसाठी रायबंदर येथे स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. रोखीने दिलेल्या दीड हजारांची पावती नव्हती, पण ती हस्तलिखित चिठ्ठी, नकाशाचे चित्र आणि जीमेलचा पासवर्ड मागणारे संदेश यांपैकी काहीही पुसू नका, असे मी घरात बजावले होते. ते सगळे तक्रारीसोबत दिले आहे. रकमेचा निर्णय अजून झालेला नाही आणि फोनही मिळालेला नाही. मात्र तो आता योग्य क्रमांकानिशी बंद झाला आहे.

हे वाचताना फोन हातात असेल तर आताच *#०६# हे डायल करावे. पडद्यावर दिसणारे क्रमांक कागदावर उतरवून रेशनकार्ड किंवा बँकेचे पासबुक असते त्या जागी ठेवावेत, कारण त्याच फोनमध्ये काढून ठेवलेले छायाचित्र फोनबरोबरच जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोनही याच वेळी पाहून घ्यावेत. बटणांच्या साध्या फोनवरही हाच संकेत चालतो, आणि बॅटरी निघत असेल तर तिच्याखालच्या चिकटपट्टीवर तो क्रमांक बहुधा छापलेला असतो.